दहावीनंतर घरी आलेला मुलगा

एका भगिनीचे पत्र, थोडक्यात:

"माझे पती आणि मी गेली पंधरा वर्षे नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका पाड्यावर सुवार्तेचे काम करतो. मूळचे आम्ही नगर जिल्ह्यातले. पाड्याजवळ धड शाळा नव्हती, म्हणून थोरल्याला सातव्या वर्षी नगरकडच्या एका वसतिगृहात ठेवले. यंदा तो दहावी झाला आणि अकरावीसाठी आम्ही त्याला घरी आणले. आल्यापासून तो रविवारच्या उपासनेला येत नाही, आणि संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना सुरू झाली की उठून अंगणात जाऊन बसतो. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याची कबुली स्वतः देण्याच्या विधीच्या, वर्गालाही तो नाही म्हणतो. गेल्या महिन्यात ह्यांनी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, 'तुम्ही सगळ्या पाड्याचे पप्पा आहात, माझे कधी होता?' त्यावर ह्यांनी त्याला शास्त्रातले वचन दाखवले की, जो माझ्यापेक्षा मुलावर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, सगळे निरोप माझ्यामार्फत जातात. आमच्या कामाला मदत करणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांना प्रार्थनेसाठी दर तिमाहीला पत्रक जाते, त्यात मुलाविषयी लिहिले, तर तोही त्याला राग. आमचे काय चुकले? त्याला सक्तीने उपासनेला बसवावे का? धाकटी नऊ वर्षांची आहे, येत्या जूनमध्ये तिला त्याच वसतिगृहात पाठवायचे ठरले आहे. भावाचे पाहून तिचेही मन फिरेल अशी भीती वाटते."

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर अगदी सरळ आहे, म्हणून ते आधी देते. त्याला सक्तीने उपासनेला बसवू नका. सोळा वर्षांच्या मुलाला दंडाला धरून बाकावर बसवता येते, पण तो तिथे बसून काय करील याचा विचार केलात तर तुम्हालाही ते नकोसे वाटेल. तो प्रत्येक गीताच्या वेळी तोंड मिटून उभा राहील, आणि समोर उपदेश करणाऱ्या बापाकडे असे पाहील की त्या बापाला पुढचे वाक्य सुचणार नाही.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. तुमचे पत्र उपासना, प्रार्थना आणि दृढीकरण यांविषयी आहे, पण मुलाचे जे एकच वाक्य तुम्ही जसेच्या तसे उतरवून पाठवले आहे, त्यात देवाचा उल्लेखच नाही. 'माझे कधी होता?' असे त्याने वडिलांना विचारले आहे. देव नाही, ख्रिस्त खोटा, शास्त्र मी मानत नाही, यांपैकी काहीही तो बोललेला नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर बापाने बाप म्हणून द्यायचे होते, त्याचे उत्तर त्यांनी उपदेशक म्हणून दिले, आणि मुलाची तक्रार नेमकी हीच होती. माझ्या मते तुमच्या घरातले भांडण श्रद्धेचे नाही, निदान अजून तरी नाही. ते नऊ वर्षांच्या अंतराचे आहे, आणि त्याला श्रद्धेचे भांडण समजून तुम्ही उत्तरे देत राहिलात, तर मात्र ते तसे होऊन बसेल.

हे मी पुस्तकातून वाचून लिहीत नाही. मी एका सुवार्तिकाची मुलगी आहे आणि मलाही नवव्या वर्षी वसतिगृहात ठेवले होते. पत्र्याच्या ट्रंकेवर वडिलांनी पांढऱ्या ऑइलपेंटने माझे नाव स्वतः काढले होते, आणि एसटीच्या टपावर ती ट्रंक चढवताना तो रंग अजून ओला असल्यामुळे माझ्या आडनावातले शेवटचे अक्षर हमालाच्या खांद्यावर उमटले होते. वडील दर पंधरा दिवसांनी कार्ड लिहीत, त्यात त्यांनी कधी खंड पाडला नाही. कार्डाची सुरुवात वचनाने व्हायची, शेवट वचनाने व्हायचा, आणि मध्ये 'अभ्यास नीट कर, मोठ्यांचे ऐक, आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतो' एवढे असायचे. सात वर्षांत अशी कितीतरी कार्डे आली आणि त्यांतले आज माझ्याकडे एकच आहे. त्यात वचनाला जागाच उरली नव्हती, कारण आमच्या तांबड्या शेळीला दोन करडे झाली, त्यातले एक पांढरे आहे, ते सारखे चुलीपाशी येते आणि आई त्याला हाकलते, हे सांगण्यातच कार्ड भरून गेले होते. ते कार्ड मी उशीखाली ठेवून झोपत असे. माझे वडील प्रामाणिक होते आणि त्यांचे माझ्यावर प्रेम होते याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही, पण त्यांच्या घरात माझी जागा अजून आहे, हे मला त्या पांढऱ्या करडाने सांगितले.

पुढे पॉल ब्रँड यांच्या लहानपणाविषयी वाचले तेव्हा मला हे कार्ड आठवले. कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांवर वेल्लोरला शस्त्रक्रिया करून ते हात पुन्हा कामाचे करणारे हे डॉक्टर मिशनरी आईबापांच्या पोटी 1914 मध्ये तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मले. 1923 मध्ये, नऊ वर्षांचे असताना, त्यांना आणि धाकट्या बहिणीला शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे ठेवले, आणि आईवडील डोंगरात परतले. वडिलांची पुन्हा भेट झाली नाही. 1929 मध्ये तापाने ते गेले. मृत्यूची तार आधी पोहोचली आणि बोटीने निघालेली वडिलांची पत्रे त्यानंतरही येत राहिली. त्या पत्रांतून वडील मुलाला डोंगरातली झाडे, पक्षी, किडामुंगी दाखवत असत, आणि हे सगळे देवाने आपल्याला आनंदासाठी दिले आहे असे सांगत. पॉल ब्रँड पुढे स्वतःहून भारतात परत आले, हे पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, हजारो मैलांवरूनही बाप त्या मुलाशी बोलत होता, आणि बोलत होता ते त्या मुलाला ज्याची ओढ होती त्याविषयी.

तुमच्या-माझ्यासारखी घरे एकटी नाहीत. 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले, तेव्हापासून कित्येक मिशनरी कुटुंबांनी आपली मुले शिकण्यासाठी बोटीत बसवून मायदेशी धाडली. ही ताटातूट सोसवेना, म्हणून तर 1901 मध्ये कोडाईकनालला मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. तरीसुद्धा वर्षातले कितीतरी महिने मूल आईबापांवाचूनच राहत असे. पुढे आपले मराठी सुवार्तिक गावोगाव आणि पाड्यापाड्यांवर गेले, आणि तीच चाल आपल्याकडेही आली, फक्त बोटीच्या जागी एसटी आली. ह्या त्यागाविषयी आपण व्यासपीठावरून खूप बोलतो. त्या बोटीत किंवा एसटीत बसलेल्या मुलाला कोणी विचारले होते का, याविषयी फार कमी बोललो आहोत.

आता थोडे तुमच्याविषयी. चार पानांच्या पत्रात तुम्ही पतीविषयी लिहिलेत, मुलाविषयी, मुलीविषयी, मंडळ्यांविषयी लिहिलेत, पण तुम्हाला स्वतःला काय होते आहे याविषयी एक वाक्यही लिहिलेले नाही. सात वर्षांच्या मुलाला सोडून परतताना तुमची अवस्था काय झाली होती, हे तुम्ही कधी कोणाला सांगितले आहे का? मला इथे डोरोथी केरी आठवते. तिचे पती, मिशनरी विल्यम केरी, यांचे नाव आपण मराठी माणसेही आदराने घेतो, कारण त्यांनी 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापले, 1810 मध्ये कोश छापला. डोरोथी भारतात यायला सुरुवातीला तयारच नव्हती. 1793 मध्ये ती अखेर आली, आणि पुढच्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला. तिचे मन त्यानंतर जे ढळले ते 1807 मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. ज्या घरात आपल्या भाषेचे व्याकरण आणि कोश तयार होत होते, त्याच घरात ही बाई वर्षानुवर्षे हरवलेली होती. केरींना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही, त्या काळी अशा आजारावर कोणाकडेच उपाय नव्हता. पण मोठ्या कामाच्या घरात आईचे दुःख कसे नजरेआड होते, ते यावरून कळते. म्हणून माझी पहिली विनंती तुम्हाला स्वतःसाठी आहे. बापलेकांचे निरोप पोहोचवणे आजपासून बंद करा. 'पप्पांना सांग' असे मुलगा म्हणाला की, 'ते ओसरीवर बसले आहेत, तूच सांग,' एवढेच म्हणा, आणि पतीलाही तसेच सांगा. चार-आठ दिवस घरात अवघड शांतता राहील, ती राहू द्या. तुम्ही मध्ये उभ्या आहात तोवर त्या दोघांना एकमेकांकडे पाहण्याची गरजच पडणार नाही.

दुसरी विनंती तुमच्या पतींना आहे. हा भाग तुम्ही त्यांना वाचायला द्यावा, म्हणून तो त्यांनाच उद्देशून लिहिते.

भाऊ, तुम्ही मुलाला दाखवलेले वचन खरे आहे आणि त्या वचनावर तुम्ही आयुष्य उभे केले आहे, हे मी जाणते. पण प्रभूने ते शिष्याला, त्याच्या स्वतःच्या निवडीविषयी सांगितले. ते तुम्ही स्वतःला लावून घेतलेत, तो तुमचा अधिकार होता. सात वर्षांच्या मुलाने ती निवड केली नव्हती, आणि त्या वचनाची झळ मात्र त्याला लागली. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातला 'कुर्बान'चा प्रसंग पुन्हा एकदा वाचा. आईबापांना जे द्यायचे ते देवाला वाहिले आहे असे सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूने तिथे किती कठोर शब्दांत सुनावले आहे. तिथे गोष्ट आईबापांची आहे हे खरे, पण घरच्या माणसाचे देणे देवाच्या नावावर मांडून चुकवता येत नाही हे तत्त्व मुलांना लागू नाही, असे कोण म्हणेल? आणि पौलाने बापांना जी ताकीद दिली आहे ती तुम्ही कितीतरी लग्नांत आणि बाप्तिस्म्यांत वाचली असेल: 'बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका, चिरडीस आणाल तर ती खिन्न होतील.' तुमचा मुलगा बंडखोर असल्याचे मला पत्रात कुठेच दिसले नाही, तो खिन्न असल्याचे मात्र दिसते.

त्याच्याशी तुम्ही स्वतः बोलायला जा. त्याला समोर बोलावून बसवू नका, बाजाराला जाताना मोटरसायकलवर मागे घ्या, किंवा तो अंगणात बसतो तिथे जाऊन त्याच्या बाजूला बसा. मग त्याला सांगा की, तू विचारलेस ते बरोबर विचारलेस, तुला तिकडे ठेवले तेव्हा आम्हाला दुसरा मार्ग दिसला नाही, पण तुला ते किती जड गेले हे मी कधी विचारले नाही, ती माझी चूक झाली. ह्या वाक्यापुढे 'पण' जोडू नका. 'पण देवाचे काम होते', 'पण तुझ्याच भल्यासाठी केले', हे सगळे खरे असले तरी त्या दिवशी नको. तो कदाचित काहीच बोलणार नाही, किंवा नऊ वर्षे साठवलेले असे काही बोलेल की तुम्हाला ऐकवणार नाही. ऐकून घ्या. शेवटी प्रार्थना करू या, असेही त्या दिवशी म्हणू नका, ती रात्री एकट्याने करा.

ताई, आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लिहिताना मला संकोच वाटत असला तरी टाळणे योग्य नाही. वसतिगृहात त्याला कोणी मारहाण केली का, कोणी त्रास दिला का, त्याच्या अंगाला कोणी वाईट हेतूने हात लावला का, हे तुम्हाला माहीत आहे का? तसे झालेच असेल असे मी मुळीच म्हणत नाही. पण शाळेतून परतलेले मूल असे गप्प झाले की, हा प्रश्न आईच्या मनात यायलाच हवा. आडून आडून चौकशी करू नका, उलटतपासणीही करू नका. एकदाच, शांतपणे सांगा की तिथे काहीही झाले असेल तर मला सांगता येईल आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवीन. त्याने काही सांगितलेच, तर संस्थेचे नाव, मिशनचे नाव, कोणाचा मान यांतले काहीही आड येऊ देऊ नका. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2012 चा कायदा आहे आणि मुलांसाठी 1098 हा मदतीचा क्रमांक आहे. आणि तो नीट जेवत नसेल, रात्र रात्र जागत असेल, किंवा जगण्याविषयीच निराशेचे बोलत असेल, तर त्याला न थांबता डॉक्टरांकडे न्या. प्रार्थना चालू ठेवाच, पण मुलाला घेऊन दवाखान्याची पायरी चढणे हेही आईबापांच्या श्रद्धेचेच काम आहे.

रोजच्या प्रार्थनेचे म्हणाल, तर ती जशी चालली आहे तशी चालू द्या, त्याच्यासाठी बंद करू नका आणि त्याला ऐकू जावी म्हणून मोठ्यानेही करू नका. तो अंगणात जातो ना, तर दार उघडे ठेवा. तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात की प्रार्थनेला पाड्यावरची चार-पाच माणसे रोज येतात आणि ती त्यांच्या पावरी भाषेत होते. ताई, तुमच्या मुलाला पावरी येते का? धाकटी पाड्यावरच वाढली आहे, ती फडाफडा बोलत असेल. तो नऊ वर्षे नगरकडे होता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापाच्या तोंडून निघालेली प्रार्थना ज्याला समजत नाही, तो उठून बाहेर जाणार नाही तर काय करील? आठवड्यातून दोन दिवस तरी प्रार्थना फक्त तुम्हा चौघांची ठेवा, ती मराठीत करा, दहा मिनिटांत संपवा, आणि त्यानंतर सगळ्यांनी मिळून जेवायला बसा. त्या वेळी दारात कोणी आले, तर 'आमचे जेवण होऊ द्या, मग येतो,' असे पतींनी सांगावे. पंधरा वर्षांत हे वाक्य त्या घरात कधी उच्चारले गेले नसेल. ते मुलाच्या कानावर पडू द्या.

प्रार्थना-पत्रकातून त्याचे नाव आणि फोटो दोन्ही काढा. त्याचा राग मला रास्त वाटतो. आजवर त्याचे गुण, त्याचे आजारपण, त्याचा वाढदिवस, सगळे अनोळखी माणसांच्या हाती छापून गेले, आणि आता त्याचे मन देवापासून दूर गेले आहे हेही गेले. उद्या तो नगरला कोणत्याही मंडळीत गेला, तर दाराशी हात मिळवणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडे 'तोच तो मुलगा' म्हणून पाहील. मंडळ्यांना काय सांगायचे, असे तुम्ही विचारता. कोणी विचारलेच तर सांगा की मुलगा घरी आला आहे, शिकतो आहे आणि आम्हाला त्याचा आनंद आहे. यात खोटे काहीही नाही, आणि ह्याहून जास्त माहितीवर कोणत्याही देणगीदाराचा हक्क नाही. कोणी पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातले, स्वतःच्या घराची व्यवस्था ठेवता न येणाऱ्याचे वाक्य पुढे केले, तर मनाला लावून घेऊ नका. शमुवेलासारख्या संदेष्ट्याची मुलेही बापाच्या वाटेने गेली नव्हती, आणि शास्त्राने त्यासाठी शमुवेलाला खाली उतरवलेले नाही.

दृढीकरणाचा विषय निदान वर्षभर काढू नका. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी जे कबूल केले ते आता मी स्वतःच्या तोंडाने म्हणतो, असा त्या विधीचा अर्थ आहे, आणि दुसऱ्याच्या आग्रहाखातर ते म्हणवून घेतले तर त्याला अर्थच उरत नाही. थांबणे कठीण असते, विशेषतः ज्याच्यासाठी थांबायचे ते आपलेच माणूस असेल तर. कवी ना. वा. टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर गेल्या, काही वर्षांनी परत आल्या, तरी त्यांचे सोवळे आणि त्यांची चूल वेगळीच राहिली. टिळक स्वभावाने शांत नव्हते, हे लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवले आहे. तरीही तो उतावळा, तापट माणूस एकाच घरात दोन चुली चालू ठेवून राहिला, आणि 1900 मध्ये राहुरीला लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने घेतला. तुमचा मुलगाही तसाच येईल, असे मी तुम्हाला सांगू शकत नाही. तो दुसऱ्या वाटेनेही जाईल. तसे झाले तरी तो तुमचा मुलगा आहे आणि त्याचे ताट तुमच्या घरात वाढलेले असेल, एवढे त्याला आत्ताच, दृढीकरणाविषयी काहीही ठरण्याआधी कळायला हवे.

'आमचे काय चुकले' असे तुम्ही विचारलेत, त्याला मी सोडून दिलेले नाही. सात वर्षांच्या मुलाला दूर ठेवताना तुमच्यापुढे जे पर्याय होते, त्यांत चांगला एकही नव्हता, आणि मुलाला शिकवायचे ठरवले यात तुमचे काही चुकले असे मला वाटत नाही. चुकले ते पुढे. सुट्टीत तो घरी यायचा तेव्हा त्याला पाहुण्यासारखे वागवले, किंवा त्याहून वाईट म्हणजे कामाला जुंपलेल्या स्वयंसेवकासारखे वागवले. पत्रात तुम्हीच लिहिले आहे की मे महिन्याच्या सुट्टीत तो पाड्यावरच्या मुलांच्या बायबल वर्गात मदत करायचा. त्याची सुट्टी त्याला कधी मिळाली होती?

म्हणूनच पत्राच्या शेवटी तुम्ही धाकटीविषयी जे जाता जाता लिहिले आहे, तिथे मी थबकले. जूनला अजून वेळ आहे. तिला पाठवायचे की नाही हे ठरले आहे असे समजू नका. तालुक्याच्या गावी खोली घेऊन तुमच्यापैकी एकाने मुलांबरोबर राहता येईल का, पतींनी शुक्रवार ते सोमवार पाड्यावर आणि मधले दिवस घरी असे काम बसवता येईल का, हे मिशनच्या मंडळाकडे पत्र लिहून विचारा. काम थोडे मागे पडेल, पण त्याची भीती बाळगू नका. आणि हा विचार करायला बसाल तेव्हा थोरल्यालाही सोबत घ्या. त्या वसतिगृहाची सकाळ किती वाजता सुरू होते, रात्री दिवा कोण मालवतो, पहिल्या महिन्यात रडू आले तर कुठे जाऊन रडता येते, हे तुमच्या घरात त्या एकट्यालाच माहीत आहे. बहिणीला पाठवावे का, असे त्याला विचारा, आणि तो 'नको' म्हणाला तर तिला पाठवू नका.

तुमची,
सदर लेखिका